लाल दोऱ्याची काडेपेटी

ये बाई, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ ये. फोनवर बोलतेस तेव्हा तुझ्या मागे गाड्यांचा आवाज असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात, आणि मधेच ‘ठेवते हं मोठ्याई, मीटिंग आहे’. पंधरा दिवसांतून एकदा फोन करतेस. माझा गुडघा, माझी साखर, माझी मांजर, सगळ्यांची विचारपूस करतेस. पुढच्या खोलीत तुझा बाप वर्षभर पडून आहे, त्याचं मात्र नाव काढत नाहीस. मी काढलं तर ‘रेंज जाऊन राह्यली’ म्हणतेस. आता इथं रेंज जात नाही पोरी. घरामागेच टॉवर उभा आहे, रात्रंदिवस घूं घूं करतो.

मागच्या खेपेला तू विचारलंस, ‘मोठ्याई, तुम्ही माह्या बापाले माफ कसं केलं? मले तं नाही जमून राह्यलं.’ मी म्हणाले, प्रभूनं करवलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पुरतं सांगायला तोंड धजत नाही, म्हणून ही वही घेतली. अक्षरं वाकडी आहेत. मी शाळेची पायरी चढले नाही. झरीकडच्या आमच्या गावात पोरींच्या हाती कापूस वेचायची झोळी यायची, पाटी नाही. वाचायला शिकले ते एसटीच्या पाट्यांवरून आणि उपासनेतल्या गाण्यांच्या वहीवरून. तेव्हा चुका काढू नकोस. बस आणि ऐक.

तुला खाणीचं क्वार्टर आठवतं का? दोन घरं, मधे एक भिंत, अंगण एकच. तू तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आईला याडी म्हणायचीस, मला मोठ्याई. मला लेकरू नव्हतं, त्यामुळे तुझं अर्धं जेवण माझ्या तव्यावरचं असायचं. संध्याकाळ झाली की सगळ्या लायनीतल्या बाया कोळशाच्या सिगड्या बाहेर आणून पेटवायच्या. सारी वस्ती धुरात बुडायची. धूर सरला, निखारा लाल झाला, की सिगडी आत न्यायची. त्याआधी आत नेली आणि दार लावून झोपलं तर माणूस सकाळी उठत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून वाट पाहायची. सिगडीपाशी बसून वाट पाहणं, हेच आमचं बोलणं-बसणं.

खाणीचा रिवाज तू लहान होतीस म्हणून तुला नीट ठाऊक नसेल. पाळीवर जाताना माणूस बत्तीघरात आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि डोक्याचा दिवा घ्यायचा. बिल्ला फळ्यावर टांगला, म्हणजे माणूस खाली गेला. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. फळा रिकामा झाला की खाली कोणी नाही. बत्तीघरातला बाबू नंबर पाहायचा, तोंड पाहायचा नाही. म्हणून बदली चालायची. एखाद्याचा नागा होत असेल, कामावर येणं जमत नसेल, तर दुसरा त्याचा बिल्ला घेऊन खाली उतरायचा. कायद्यानं चोरीच होती ती. पण सगळेच करायचे, म्हणून कोणी कोणाचं नाव सांगायचं नाही.

आणि काडेपेटी खाली न्यायची सक्त मनाई होती. फाटकावर झडती व्हायची. फाटकाशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर जो तो आपली बिडी-काडी ठेवून जायचा. तीस-चाळीस काडेपेट्या एका ओळीत मांडलेल्या, पोरांचा खेळ मांडल्यासारख्या. ओळखू याव्या म्हणून प्रत्येकीला खूण. कोणी कोपरा फाडलेला, कोणी पेनानं फुली मारलेली. आमच्या यांच्या पेटीला लाल दोरा गुंडाळलेला असायचा. माझ्याच शिवणाच्या डब्यातला.

त्या दिवशी तू वणीच्या दवाखान्यात होतीस. ताप डोक्यात गेला होता, तू बापाला ओळखत नव्हतीस. तुझी आई रात्रभर तुझ्यापाशी. तुझ्या बापाचे नागे आधीच खूप झाले होते. आणखी एक झाला तर कामावरून काढू, असं साहेबानं लिहून दिलं होतं. यांची त्या दिवशी हक्काची सुट्टी होती. सकाळी तुझा बाप अंगणात नुसता उभा होता, एका हातात बिल्ला, दुसऱ्या हातात तुझ्यासाठी घेतलेली बिस्किटं.

“आण तो बिल्ला इकडे,” हे म्हणाले. “मी जातो तुह्या जागी. तू पोरीपाशी जाय.”

“दादा, तुमची सुट्टी हाय ना आज.”

“सुट्टीत काय करू? तुही वैनी मले तूर निवडाले बसवते.”

मी आतून म्हणाले, “निवडता कुठं जी तुम्ही? खडे ठेवता न् दाणे फेकता.”

“ऐकलं?” हे त्याला म्हणाले. “याच्यापरीस खाण बरी.”

दोघं हसले. मी डबा बांधून दिला, ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी. माझ्याविषयी ते शेवटचं जे बोलले ते हे. खाण बरी.

अकराच्या सुमारास भोंगा वाजला. अवेळी वाजलेला भोंगा ऐकला की बाया हातातलं टाकून पळतात. मीही पळाले, हाताला पीठ होतं. खाली छत बसलं होतं. बरेचजण पळत वर आले, काळे, खोकत, काहींनी दिवे वाटेतच टाकलेले. हे ज्या भागात उतरले होते तिथले तीन गडी आत अडकले होते. फळ्यावर बिल्ले चार उरले होते. चौथा तुझ्या बापाचा.

आणि तेवढ्यात तुझा बाप फाटकावर आला. तुझा ताप उतरला होता. तू त्याला ‘बा, भूक लागली’ म्हणाली होतीस, ते यांना सांगायला तो वणीहून जीपला लटकून आला होता. लोकांनी त्याला पाहिलं.

“अरे, हा तं बाहेर हाय!”

बत्तीघरातल्या बाबूनं विचारलं, “मंग तुझा बिल्ला फळ्यावर कसा?”

तुझ्या बापाचे ओठ पांढरे पडले होते. तो म्हणाला, “मी आधीच वर आलो जी. पळताना दिवा खाली टाकला. बिल्ला घ्याचं भान नाही राह्यलं.”

बाबूनं बिल्ला काढून त्याच्या हातात दिला. फळ्यावर तीन राहिले. सकाळी यांना खाली जाताना कोणीतरी पाहिलंच असेल. पण तोंड उघडलं तर सगळ्यांच्याच बदल्या उघड्या पडल्या असत्या. संध्याकाळपर्यंत तिघांना बाहेर काढलं. तिघंही संपलेले होते. वरचं छत करकरत होतं, आत राहणं जिवावरचं होतं. साहेबांनी हिशेब जुळवला. तीन बिल्ले, तीन माणसं. काम थांबवलं.

मी तुझ्या बापाला बाहेर पाहिलं आणि स्वतःला समजावलं की बदली मोडली असेल, हे वणीला गेले असतील. मी घरी आले. सिगडी पेटवली. दोघांचा सैपाक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा बाप अंगणात आला. “वैनी, दादा आले का घरी?”

“तुमच्यापाशीच नव्हते का?”

तो मातीत बसला. मग उठला, आणि कोणी नेलं नाही, कोणी धरलं नाही, आपल्या पायानं ऑफिसात जाऊन सगळं सांगून आला. पण तोवर आतलं आणखी छत खाली आलं होतं आणि पाणी भरायला लागलं होतं. दोन दिवस पाहिलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी त्या भागाच्या तोंडाशी विटांची भिंत घातली. माझा माणूस भिंतीआड राहिला. अजून तिथंच आहे.

नंतर कोणी म्हणे, पहिल्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या पाइपावर ठोकल्याचा आवाज आला होता. खरं-खोटं कोण जाणे. सांगणाऱ्यानं दारू पिऊन सांगितलं. पण ते वाक्य मी बारा वर्षं उशाखाली घेऊन झोपले.

इथवर तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाची नोकरी गेली, वस्तीनं त्याचं तोंड पाहणं सोडलं, तुझी आई तुला घेऊन मामाच्या तांड्यावर गेली ती परत आली नाही, आणि पुढे कोणीतरी तुला सांगितलं की बापानं तुझ्यापायी एक माणूस खाली सोडला. आईला अग्नी दिला तेव्हाही तो दूर बाभळीखाली उभा होता आणि तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस. मी पाहत होते.

आता माझं सांगते.

आमच्या घरात प्रभू दोन पिढ्यांपासून होता. पण माझ्या आत होता असं म्हणवत नाही. रेशनकार्डावर नाव असतं तसा होता. रविवारी डोक्यावर पदर घेऊन चर्चला जायचं, नाताळात अनरसे करायचे. खरं सांगायचं तर भाव यांचा होता, मी त्यांच्या मागे चालत होते. हे गेले, आणि मी रस्त्यात एकटी उरले.

आमच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटेची उपासना कबरस्थानात होते. आदल्या दिवशी जो तो आपल्या माणसाची कबर झाडतो, तण उपटतो, चुना लावतो. पहाटे मेणबत्ती घेऊन आपापल्या कबरीपाशी उभं राहायचं, आणि उजाडताना सगळ्यांनी मिळून गायचं. पहिल्या वर्षी मी मेणबत्ती घेऊन गेले आणि मला कळेना की उभं कुठं राहायचं. शेवटी फाटकातल्या हापशीपाशी राहिले. एका बाईनं सुचवलं, “त्याईचे कपडे पुरा न् एक कबर बांधून घ्या.” मी म्हणाले, “अन् शेवटच्या दिवशी मेलेले उठतीन, तवा काय शर्ट उठन का?” ती परत माझ्याशी बोलली नाही.

चर्चचे पाळकबाबा म्हातारे होते, लुनावर फिरायचे, त्यांचा आवाज थरथरायचा. त्यांनी गोष्ट सांगितली, दरवर्षीचीच. बाया सुगंधी तेल घेऊन पहाटे प्रभूच्या थडग्यावर गेल्या, धोंडा सरकलेला, आत कोणी नाही. “कबर रिकामी आहे,” ते म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले.

मी मागून बोलले, “माह्या माणसाचीबी रिकामीच हाय. मले काहून हरिख नाही झाला?”

मेणबत्त्या जळत राहिल्या. पाळकबाबा उपासना संपवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बाई, माझ्यापाशी उत्तर नाही.” त्यांनी हापशीचं पाणी प्यायलं आणि लुना ढकलत निघून गेले. उत्तर दिलं असतं तर मी चर्च सोडलं असतं. नाही दिलं, म्हणून जात राहिले.

पण प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत चर्चमधे वाटतात ती भाकर, घेणं मी बंद केलं. आमच्यात शिकवण अशी की मनात कोणाविषयी अढी असेल तर आधी ती काढावी, मगच त्या भाकरीला हात लावावा. ताट माझ्यासमोर आलं की मी तसंच पुढं सरकवायची. शेजारच्या बायांना वाटायचं, हिच्या मनात तुझ्या बापाविषयी अढी आहे. मीही तसंच वाटू दिलं.

क्वार्टर सुटलं. मी वस्तीच्या कडेला दोन खोल्या टाकल्या, शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागले. तुझा बाप रेल्वेच्या कोळसा साइडिंगवर मालगाड्या भरायला जायचा, तिथंच पत्र्याच्या खोपटात राहायचा. दर शनिवारी माझ्या दाराशी एक पोतडी असायची, वेचलेल्या कोळशाची. तो कधी ठेवून जायचा, दिसायचं नाही. मी ती नालीत ओतायची. पावसाळ्यात मात्र ओतता येईना. लाकडं ओली, सिगडी कशावर पेटवू? ठेवून घ्यायची, आणि ठेवून घेतल्याचा आणखी राग यायचा. एकदा पाण्याच्या टाकीवर एक बाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, “खाणीनं नवरा खाल्ला, न् हे बाई त्याच खाणीच्या कोळशावर भाकर भाजते.” मी घागर तिच्या पायावर आपटणार होते. नाही आपटली. ती म्हणाली ते खरंच होतं.

अशी बारा वर्षं गेली. तुला ती एका ओळीत वाचता येतील, मला रोज उठावं लागलं.

मग एका हिवाळ्यात, संध्याकाळी, पाळकबाबा लुनावरून उतरले. मी बाहेर सिगडी पेटवली होती, धूर सरायची वाट पाहत होते. ते बादली पालथी घालून बसले.

“बाई, बारा वर्षं ताट पुढं सरकवता. मी काही बोललो नाही. आता माझे डोळे चाललेत, म्हणून बोलतो.”

“बोला ना जी. आइकून राह्यलो.”

“प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्र, त्याचाच शिष्य, ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, ते कुठं उभं राहून म्हणाला, आठवतं?”

“वाड्याच्या अंगणात. थंडी होती. शेकत होता.”

“कशावर शेकत होता?”

“लाकडं पेटवली असन कोणी.”

“कोळसा,” ते म्हणाले. “तिथं कोळशाचा विस्तव होता, असं लिहिलंय. आणि प्रभू मेलेल्यातून उठल्यावर तळ्याच्या काठी शिष्यांची वाट पाहत बसला, तेव्हा त्यानं काय पेटवलं होतं?”

मला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्यावर मासे भाजत होते, भाकर होती. पण मी कधी त्या विस्तवाकडे पाहिलंच नव्हतं.

“कोळसाच,” मी म्हणाले.

“हो.”

“मंग त्यानं त्याले विचारलं असन ना, काहून खोटं बोललास म्हणून?”

“नाही विचारलं. आधी म्हणाला, या, जेवून घ्या.”

एवढं बोलून ते उठले. लुना सुरू होईना, मीच मागून ढकलून दिली. ते गेले आणि मी सिगडीपाशी येऊन बसले. चाळीस वर्षं कोळसा पेटवत आले, बाई. ओल्या कोळशाचा, भिजून वाळलेल्या कोळशाचा, चांगल्या कोळशाचा, सगळे वास मला वेगळे कळतात. त्या पेत्रालाही तळ्याकाठी पाय ठेवल्याबरोबर वास आला असेल. त्याच वासात तो खोटं बोलला होता. प्रभूनं मुद्दाम तोच विस्तव पेटवला. मारायला नाही, जेवू घालायला.

आता जे लिहिते ते पाळकबाबांनाही मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

भोंग्याच्या दिवशी मी फाटकावर उभी होते. वर आलेल्या गड्यांनी आपापल्या काडेपेट्या उचलल्या होत्या. कट्ट्यावर चारच उरल्या होत्या. त्यातल्या एकीला लाल दोरा होता.

मी ती पाहिली. तुझ्या बापानं बाबूला उत्तर दिलं आणि त्याची नजर कट्ट्यावर गेली, तिथून माझ्याकडे आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. ‘माझा माणूस खाली आहे.’ चार शब्द. पण मग दोन नोकऱ्या गेल्या असत्या, दोन क्वार्टरं गेली असती. आणि त्याहून मोठं म्हणजे, विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. तुझा बाप बाहेर उभा दिसला आणि मला वाटलं, हे खाली नसतीलच. कालच विसरले असतील पेटी. मी तसं ठरवलं. आणि कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती काडेपेटी मीच उचलली आणि पदराखाली घेतली.

तिनं सांगितलं असतं, पोरी. माणसं गप्प बसली तरी ती काडेपेटी बोलली असती. एखाद्या साहेबानं विचारलं असतं, ही चौथी कोणाची? मी तिचंही तोंड बंद केलं. त्याच संध्याकाळी तिच्याच काडीनं मी सिगडी पेटवली आणि दोन माणसांचा सैपाक केला.

तुझा बाप दुसऱ्या दिवशी तरी बोलला. मी बारा वर्षं बोलले नाही. त्याला एकट्याला सगळं ओझं वाहू दिलं आणि वर ताट पुढं सरकवत राहिले, जणू अढी त्याच्याविषयी होती.

त्या संध्याकाळी सिगडीपाशी बसून मी हे पहिल्यांदा तोंडानं म्हणाले. कोणी नव्हतं ऐकायला. मांजर होती. मोठ्यानं म्हणाले, मीच उचलली. रडणं आलं नाही, नुसते दात वाजत होते. आणि मग काय झालं ते कसं सांगू? उजेड पडला नाही, आवाज आला नाही. थंडीत सिगडीपाशी आपल्या बाजूला दुसरं माणूस येऊन बसलं की अंगावरचा वारा अडतो ना? तेवढंच. डावीकडून झोंबणारा वारा अडला. मी वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. त्यानं मला काही विचारलं नाही. निखारा लाल झाला तरी मी सिगडी आत नेली नाही, तिथंच बसून राहिले, आणि मला कळलं की दारं लावून भेदरून बसलेल्या शिष्यांच्या मधे जो येऊन उभा राहिला, त्याला विटांची भिंत कुठली आडवी येते? फळ्यावरचे बिल्ले जुळले म्हणून सगळे घरी गेले. तो गेला नसेल. तो बिल्ले मोजत नाही. त्या पाइपावर खरंच कोणी ठोकत असेल तर ते ऐकणारा एकजण आत होता, शेवटपर्यंत. बारा वर्षांत पहिल्यांदा मला यांचं अंधारातलं तोंड आठवलं तेव्हा ते एकटं नव्हतं.

आणि दर शनिवारी माझ्या दाराशी विस्तवाचं सामान कोण ठेवत होतं? आणत तुझा बाप होता. पाठवत कोण होता, ते मला उशिरा कळलं.

सकाळी मी साइडिंगवर गेले. तुझा बाप फावड्यावर टेकून खोकत होता. मला पाहून दोन पावलं मागे सरला.

“भाऊजी, सांजच्याले जेवाले या.”

“वैनी, कायले थट्टा करता.”

“थट्टा कायची? सिगडी पेटवतो. कोळसा तुमचाच हाय.”

आला. केसांना पाणी लावून भांग पाडून आला, दाराबाहेर चप्पल सोडून अंगणातच बसला, आत येईना. मी आधी ती काडेपेटी त्याच्यापुढे ठेवली. दोरा विटून गुलाबी झाला होता. म्हटलं, तिनंच पेटवू सिगडी. पण काड्या सादळलेल्या, एकही पेटली नाही. शेवटी आतून दुसरी आणावी लागली.

त्यानं पेटी हातात घेतली. “हे तुमच्यापाशी होती?”

“त्या दिवशी मीच उचलली. तुम्ही पाह्यली होती, मले ठाऊक हाय.”

त्यानं विटलेला दोरा बोटानं चाचपला. मग म्हणाला, “पाह्यली होती वैनी. मंग बाबूकडे पाह्यलं, न् परत पाह्यलं तं पेटी नाही. मले वाटलं, भास झाला. दादा वर आले असन, आपली पेटी घेऊन गेले असन. रातभर मी त्याच आशेवर होतो.”

हे ऐकलं आणि मी हातातली परात खाली ठेवली. म्हणजे त्याची ती एक रात्रही माझ्यामुळेच गेली होती.

“मी नसती उचलली तं तुम्ही बोलले असते का?” मी विचारलं.

“कोणाले ठाऊक,” तो म्हणाला. “मी भेलो होतो.”

मी हात जोडले. माफी मागितली. त्याला ‘केलं माफ’ म्हणता आलं नाही, आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं. त्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडली आणि माझ्या ताटात ठेवली. आम्ही जेवलो. त्याच्या पुढच्या रविवारी चर्चमधे ताट माझ्यासमोर आलं, तेव्हा मी हात पुढं केला.

म्हणून सांगते, माफ मी त्याला केलंच नाही. ती पाळी माझी नव्हती.

यापुढे सगळं गोड झालं असं समजू नकोस. खाण बंद पडली, बाजूला उघडी खाण सुरू झाली. रोज दुपारी सुरुंग लावतात, मांडणीतली भांडी खडखडतात, आणि मी हातातलं काम थांबवून कान देते. आता यांना काढतील, असं अजून वाटतं, काय करू? पहाटेच्या उपासनेला मी अजून हापशीपाशीच उभी राहते. पण रिकामी कबर आता मला टोचत नाही. तो उठला तेव्हा त्याच्या हातापायांतली खिळ्यांची भोकं बुजली नव्हती, त्यानं ती सगळ्यांना दाखवली. शांती दिली ती त्याच हातांनी. तर माझ्या शांतीलाही एक भोक आहे, ते राहणार. पाय चालत होते तोवर तुझा बाप कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. तो त्याच्या देवांना हात जोडायचा, मी माझ्या प्रभूला. मी त्याला कधी ‘आत या’ म्हटलं नाही. तो कधी ‘बाहेर राहतो’ म्हणाला नाही.

वर्षापूर्वी त्याच्यानं फावडं उचलेना, तेव्हा मी त्याला पुढच्या खोलीत आणलं. छातीत कोळशाची धूळ बसली आहे. हवेचं मशीन लावलं आहे. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळा काढणार नाहीत. तुझा फोन आला की तो डोळ्यांनीच विचारतो, तिचा हाय का? मी मान हलवली की टॉवेल तोंडात कोंबतो. खोकला तुला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला वाटतं, खोकला ऐकला तर तू फोन ठेवशील. तू बोलत असतेस तेवढा वेळ तो श्वास धरून ऐकत असतो, डोळ्यांतून पाणी गळत असतं. मागच्या खेपेला तू सतरा मिनिटं बोललीस. नंतर त्याचे ओठ निळे झाले होते.

तू नऊ वर्षांची होतीस, तापात होतीस. तुझा यात काही गुन्हा नाही, आणि ज्याचा एकट्याचा गुन्हा समजत होतीस, त्याच्या शेजारी मीही उभी होते, हे आता तुला ठाऊक झालं. माझ्यावर राग आला तर येऊ दे. राग घेऊनच ये. इथं कोणी तुला काही विचारणार नाही.

नागपूरपर्यंत रेल्वेनं ये, तिथून वणीची एसटी सकाळीच मिळते. आता घरात गॅस आहे, पण तू येशील त्या दिवशी मी सिगडी पेटवीन. धूर सरेपर्यंत आपण बाहेर बसू, त्याची खाट दाराशी ओढू. आंबाडी निवडून ठेवली आहे. ये बाई, मीटिंग संपायची वाट नको पाहू. याच आठवड्यात ये.